शेतातला चौकोन रोमन छावणी आहे का? दक्षिण ब्रिटनच्या नकाशावर तपासण्याची रीत

उपग्रहचित्रात शेताच्या मधोमध फिकट चौकोन दिसतो. कोपरे थोडे गोलसर असतात. पाहणारा लगेच लिहितो: "इ.स. ४३, व्हेस्पेशियन, दुसरी ऑगस्टा लीजन." इ.स. ४३ हे क्लॉडियस बादशहाच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केल्याचं वर्ष, आणि व्हेस्पेशियन त्या स्वारीत दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा, म्हणजे सुमारे पाच हजारांच्या एका रोमन दलाचा, सेनापती. अशी चित्रं मला बरीच येतात. काही इंग्लंडमध्ये नोकरीला असलेले, शनिवार-रविवारी डॉर्सेट-केंटमध्ये हिंडणारे वाचक पाठवतात, तर काही इथे घरी बसून लिडार (विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची) चाळणारे. कष्ट खरे असतात, पण क्रम उलटा असतो. तारीख आणि सेनापती आधी ठरतात, चौकोन मागून त्यात बसवला जातो. हा क्रम सुलटा करण्यासाठी हा लेख आहे.

शोधायचं काय, ते आधी स्पष्ट असू द्या. मुक्कामी छावणी म्हणजे कूच करणाऱ्या सैन्याने संध्याकाळी खणलेला खंदक, त्याच मातीचा आत रचलेला बांध, बांधावर लाकडी सुळके आणि आत चामड्याचे तंबू. काम झालं की सैन्य पुढे निघून जातं. दगड नाही, चुना नाही, बुरूज नाही. गडकोट पाहत वाढलेला आपला डोळा आपसूक भिंत शोधू लागतो. इथे शोधायची ती मातीतली भरून गेलेली एक चर.

## तयारी: हे हाताशी नसेल तर सुरुवात करू नका

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा एक मीटरचा लिडार डेटा मोफत मिळतो आणि त्यात जवळपास सगळा इंग्लंड येतो. डाउनलोड करताना दोन प्रकार दिसतील. एकात झाडं आणि घरं तशीच असतात, दुसऱ्यात ती काढून फक्त जमीन ठेवलेली असते. आपल्याला दुसरा हवा. तो उघडायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते शिकायला वेळ नसेल तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशा-संकेतस्थळावर लिडार आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे शेजारी-शेजारी लावून पाहता येतात.

गूगल अर्थची संगणकावरची आवृत्तीही घ्या, कारण जुन्या तारखांची चित्रं उलटी चाळण्याची सोय तिच्यात आहे. हिस्टॉरिक इंग्लंडने हवाई छायाचित्रांवरून तयार केलेला पुरातत्त्वीय नकाशा आणि संरक्षित स्मारकांची यादी दोन्ही ऑनलाइन आहेत. शिवाय प्रत्येक काउंटीची (तिथल्या जिल्ह्याची) ऐतिहासिक नोंदवही असते.

आधी हे तपासा: तुमचा चौकोन या नोंदींमध्ये आधीच आहे का? शोध लागला असं वाटलेल्या बऱ्याच जागा तिथे नावानिशी, कित्येकदा उत्खननाच्या तपशिलासह सापडतात. पाच मिनिटांचं काम आहे. ते शेवटी केलं तर आठवडा वाया जातो.

## टप्पा १: माहीत असलेल्या जागेवर डोळा बसवा

अनोळखी शेतात जाण्याआधी डॉर्सेटमधलं हॉड हिल उघडा. ब्लँडफर्डच्या वायव्येला, स्टाउर नदीच्या वरच्या टेकडीवर लोहयुगातला मोठा मातीचा किल्ला आहे. त्याचे तट टेकडीच्या उताराप्रमाणे वळत जातात. त्याच्याच वायव्य कोपऱ्यात रोमनांनी आपला तळ घातला. उत्तर आणि पश्चिम बाजूंना त्यांनी जुनाच तट वापरला, पूर्व आणि दक्षिण बाजूंना स्वतःचा नवा तट उभारला. लिडारवर या दोन नव्या बाजू पट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतात, आणि वळणाऱ्या जुन्या तटापुढे त्यांचं परकेपण लगेच कळतं. आग्नेयेकडच्या न नांगरलेल्या भागात लोहयुगातल्या घरांचे गोल ठसेही दिसतात.

हा मुक्कामी छावणीचा नमुना नाही. इथे शिबंदी काही वर्षं राहिली होती, म्हणजे हा किल्ला आहे. पण स्थानिक रेषा आणि रोमन रेषा यांतला फरक शिकायला दक्षिणेत याहून चांगली जागा मला माहीत नाही. निदान अर्धा तास द्या.

त्यानंतर वेल्समधल्या ट्रेकॅसल डोंगरावरचं अ पिग्वन पाहा. तिथे दोन छावण्या एकमेकींवर किंचित फिरलेल्या पडल्या आहेत. मोठी आधीची, छोटी नंतरची. गोल कोपरा आणि आत वळलेली वेस प्रत्यक्षात कशी दिसते, ते इथे कळतं.

## टप्पा २: माती आणि हंगाम

नांगरलेल्या शेतात बांध उरत नाही. उरते ती खंदकाची पोकळी, नंतरच्या ओलसर मातीने भरलेली. कोरड्या उन्हाळ्यात तिच्यावरचं गहू किंवा जव जास्त दिवस हिरवं आणि उंच राहतं. खाली भिंत असेल तर उलट, पीक खुरटतं आणि आधी पिवळं पडतं. म्हणून छावणीची रेषा आजूबाजूपेक्षा हिरवी असायला हवी. पिवळी, खुरटी रेषा दाखवून ती छावणी म्हणणं ही नेहमीची चूक आहे. तिथे भिंत, रस्ता किंवा घट्ट दबलेली जमीन असण्याचा संभव जास्त.

गूगल अर्थमध्ये जून-जुलैची चित्रं आधी पाहा. २०१८ आणि २०२२ हे उन्हाळे खास कोरडे होते. खडूच्या आणि वाळू-गोट्यांच्या जमिनीवर खुणा छान उमटतात, चिकणमातीवर फार क्वचित.

सावध: केंट आणि ससेक्सच्या मधल्या वील्डच्या चिकणमातीवर काही दिसलं नाही, याचा अर्थ तिथे काही नव्हतं असा होत नाही. दिसणं आणि असणं यांचे स्तंभ तुमच्या नोंदवहीत वेगळे ठेवा.

## टप्पा ३: लिडारवर उजेड फिरवा

बहुतेक लोक क्यूजीआयएसने आपणहून दिलेलं उजेड-सावलीचं चित्र पाहून थांबतात. त्यात उजेड वायव्येकडून, ३१५ अंशांवरून आणि ४५ अंश उंचीवरून पडतो. उजेडाच्या दिशेने धावणारी रेषा अशा चित्रात पुसली जाते, म्हणजे चौकोनाच्या दोन बाजू ठळक आणि दोन गायब, असंही होतं. मग पाहणारा गायब बाजू मनाने पूर्ण करतो, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

करायचं ते असं:

१. उजेडाची उंची २०-२५ अंशांवर आणा. झिजलेल्या रेषा वर येतात.
२. दिशा ३१५, मग ०, मग ४५, मग ९० अशी बदला आणि प्रत्येक चित्र वेगळं जतन करा.
३. उजेड दक्षिणेकडून देऊ नका. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असं धरून चालतो, त्यामुळे बांध खंदकासारखा आणि खंदक बांधासारखा दिसू लागतो.
४. शंका आली की रेषेला आडवा छेद घेऊन उंचीचा आलेख काढा. डोळा फसतो, आलेख फसत नाही.

आता या टप्प्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. छावण्यांच्या आखणीवरचा जो रोमन मजकूर आपल्याकडे हायजिनसच्या नावाने आला आहे, त्यात खंदक किमान ५ फूट रुंद आणि ३ फूट खोल असावा असं सांगितलं आहे. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटीमीटरचा, म्हणजे दीड मीटर रुंदी आणि जेमतेम नव्वद सेंटीमीटर खोली. एक मीटरच्या लिडारवर दीड मीटरची चर म्हणजे एक-दोन चौकटी, आणि त्यावरून कित्येक शतकं नांगर फिरलेला. म्हणून नांगरटीच्या सपाट शेतात रुंद, ठसठशीत, दुरून उठून दिसणारा चौकोन मिळाला तर आनंदाआधी शंका यायला हवी.

सगळे खंदक इतके किरकोळ नव्हते, हेही लक्षात ठेवा. केंटच्या थॅनेट भागातल्या एब्सफ्लीटला चार-पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खंदक सापडला आहे. तो सीझरच्या इ.स.पू. ५४ च्या स्वारीशी जोडला जातो. पण तो किनाऱ्यावर जहाजांच्या रक्षणासाठी केलेला तळ होता, एका रात्रीचा मुक्काम नव्हे.

## टप्पा ४: आधी कोपरे, मग बाजू, मग वेशी

हा क्रम मोडू नका. सरळ बाजू शेताच्या बांधाला असते, पाइपलाइनच्या चरीला असते, जुन्या रस्त्यालाही असते. कोपरा मात्र बोलतो. रोमन कोपरा पत्त्याच्या पानासारखा एकसारखा गोल असतो. नांगर वळताना शेताचे कोपरेही गोल होतात, पण ते चार ठिकाणी चार तऱ्हेचे असतात. निदान दोन कोपरे सापडून त्यांची गोलाई जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

बाजू मोजताना काटकोनाचा हट्ट नको. आखणी करणारे ग्रोमा नावाचं ओळंब्यांचं साधन वापरत, तरी उतारावर चौकोन कलतो, समांतरभुजही होतो. हायजिनसला लांबी-रुंदीचं ३:२ प्रमाण आवडतं. प्रत्यक्षात जवळपास चौरस छावण्याही आहेत. बाजू एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत सरळ धावून तिथे थोडी दिशा बदलते, असंही बऱ्याचदा दिसतं.

मग वेशी. सहसा चार, मोठ्या छावणीला सहा. फळ्यांचे दरवाजे नसत, म्हणून रुंद मोकळ्या जागेपुढे आडोसा केला जाई. त्याचे दोन प्रकार ओळखायला शिका:

- टिट्युलस: वेशीच्या समोर काही अंतरावर खंदक-बांधाचा सुटा तुकडा. हायजिनस हे अंतर ६० फूट, म्हणजे अठराएक मीटर सांगतो. पिकातल्या खुणांत हा वेशीपुढे काढलेल्या लहान रेघेसारखा दिसतो.
- क्लाविक्युला: बांधाचं टोक पाव वर्तुळात आत किंवा बाहेर वळवलेलं. आत शिरणाऱ्याला वळण घ्यावं लागे आणि ढाल नसलेली बाजू उघडी पडे.

थांबा, तपासा: रेषेतली मोकळी जागा म्हणजे वेस नव्हे. ट्रॅक्टरची वाट, पिकाचा पट्टा बदलणं किंवा लिडारच्या दोन तुकड्यांचा सांधा, यांनीही रेषा तुटते. समोरच्या बाजूला तिची जोडीदार मोकळी जागा असेल किंवा पुढे टिट्युलस असेल, तरच वेस म्हणा.

## टप्पा ५: मोजमाप

लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, परीघ हे सगळं मीटरमध्ये लिहा. समजा चौकोन ४०० बाय ३०० मीटर आहे. क्षेत्रफळ १२ हेक्टर, परीघ १४०० मीटर. वर दिलेल्या किमान मापाच्या, तळाशी निमुळत्या खंदकासाठी साडेनऊशे घनमीटरच्या आसपास माती उपसावी लागेल. पाच हजार माणसं असतील तर माणशी बारा-पंधरा घमेली. हा हिशेब एकदा स्वतः केला की रोज संध्याकाळी नवी छावणी ही अतिशयोक्ती वाटत नाही.

पण क्षेत्रफळावरून "इतके सैनिक, म्हणून अमुक लीजन" ही उडी मारू नका. एका तंबूत आठ जण, ऐंशी जणांच्या तुकडीतले (तिला 'शतक' म्हणत) सोळा जण पहाऱ्यावर म्हणून प्रत्यक्षात आठच तंबू, इतकं बारीक गणित आपल्याला माहीत आहे. तरीही हेक्टरी किती माणसं, यावर अभ्यासकांचे अंदाज काहीशेपासून हजाराच्या वरपर्यंत जातात. सामानाची जनावरं किती, घोडेस्वार किती, यावर सगळं अवलंबून.

क्षेत्रफळ एका वेगळ्या कामाला येतं. दीड-दोन हेक्टरचा, दोन-तीन खंदकांचा, आत रस्त्यांच्या रेषा असलेला चौकोन बहुधा सहायक दलाचा कायम किल्ला असतो. वीस हेक्टरच्या आसपासचा आणि आत इमारती असलेला असेल तर लीजनचा तळ. मुक्कामी छावणीत सहसा एकच खंदक आणि आत शांतता. फार तर तटालगत भट्ट्यांचे खड्डे.

## टप्पा ६: नाही म्हणायची कारणं शोधा

हा टप्पा लोक सर्रास वगळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा. मी स्वतः एकदा हँपशरमधल्या गोलसर कोपऱ्यांच्या आकृतीवर चार संध्याकाळी घालवल्या. पाचव्या दिवशी आडवा छेद घेतला, तेव्हा खंदक बांधाच्या आत निघाला. ते मध्ययुगातलं हरणांचं राखीव कुरण होतं: हरणं बाहेर पळू नयेत म्हणून खंदक आतल्या बाजूला. छावणीचा खंदक नेहमी बाहेर असतो. तेव्हापासून मी छेद आधी घेतो.

एकेक करून या शंका खोडा:

- जुन्या ऑर्डनन्स नकाशावर इथे शेताची हद्द, झाडांची राई किंवा बाग दाखवली आहे का?
- दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ, तोफांची जागा, धावपट्टी? दक्षिण इंग्लंड अशा खुणांनी भरलेला आहे.
- मध्ययुगातलं खंदकाने वेढलेलं घर? ते लहान असतं, खंदक रुंद आणि पाण्याचा.
- लोहयुगातलं आवार? बाजू वाकड्या, एकच दार, आत गोल घरं.
- रेषा आजच्या शेताच्या हद्दीला तंतोतंत समांतर आहे का? असेल तर ती बहुधा शेताचीच.

उलट एखादी जुनी हद्द किंवा रोमन रस्ता तुमच्या चौकोनाला तिरपा कापून, त्याची दखलच न घेता पुढे जात असेल, तर ती चांगली खूण. चौकोन त्या रेषेहून जुना असण्याची शक्यता वाढते.

## टप्पा ७: जागा छावणीची आहे का

हलका उतार, जवळ पाणी, चहूकडे नजर. हायजिनस म्हणतो की मागची वेस सर्वांत उंचावर हवी आणि पुढची शत्रूच्या दिशेला. ज्या जागा टाळायच्या, म्हणजे वरून दबाव आणणारी टेकडी, शत्रूला लपायला रान, घळ, त्यांना रोमन सैनिक "सावत्र आया" म्हणत. तुमच्या चौकोनाला किती सावत्र आया आहेत, ते मोजा.

मग शेजार. एकटी छावणी संशयास्पद असते. सैन्य आलं कुठून, गेलं कुठे? एका मजलेवर, साधारण १५-२० किलोमीटरवर, त्याच आकाराची दुसरी खूण मिळाली तर दोघींनाही बळ येतं.

सावध: केंटच्या किनाऱ्यावरच्या रिचबरोवर कंपास ठेवून वीस किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यावर मिळेल तो चौकोन उचलायचा, हे करू नका. रिचबरोला क्लॉडियसच्या काळातला दुहेरी खंदक आहे, तरी सगळं सैन्य तिथेच उतरलं की काही चिचेस्टरकडे, यावर अजून वाद आहे. रोमन इतिहासकार डिओ सैन्याच्या तीन तुकड्या सांगतो पण उतरण्याच्या जागेचं नाव देत नाही. दोन दिवस लढाई झाली त्या नदीचंही देत नाही. ती केंटमधली मेडवे, हे नंतरच्या अभ्यासकांचं अनुमान. ज्या मार्गाची खात्री नाही, त्यावर छावणी आहे असं म्हणून ती सिद्ध होत नाही.

हेही आधीच स्वीकारा: ब्रिटनमधल्या माहीत असलेल्या बहुसंख्य मुक्कामी छावण्या स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंडमध्ये आहेत. आग्नेय इंग्लंडमध्ये त्या फारच थोड्या. शतकानुशतकांची नांगरट, वस्ती आणि माती, सगळ्यांचाच त्यात हात आहे. दक्षिणेत काम करताना तुमचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येणार, आणि ते बरोबरच असेल.

## टप्पा ८: तारीख आणि लीजन, अगदी शेवटी

आकारावरून वर्ष ठरत नाही. थोडा अंदाज वेशींवरून येतो: ब्रिटनमधल्या क्लाविक्युला मुख्यतः पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या मानल्या जातात. म्हणून क्लाविक्युला दाखवून इ.स. ४३ म्हणणं अवघड आहे. टिट्युलस दीर्घ काळ वापरात होता, त्यावरून वर्ष निघत नाही.

पक्की तारीख जमिनीतूनच येते. ऑक्सफर्डशरमधल्या ऑल्चेस्टरला वेशीचे लाकडी खांब ओल्या मातीत टिकले. त्यांच्या वाढवलयांवरून झाडं इ.स. ४४ च्या शरद ऋतूपासून ४५ च्या वसंतापर्यंतच्या काळात तोडली गेली, हे कळलं. तिथेच दुसऱ्या ऑगस्टा लीजनच्या निवृत्त सैनिकाची समाधीशिळाही मिळाली. लाकूड आणि कोरीव लेख असा पुरावा असेल तर वर्ष आणि लीजन बोला.

व्हेस्पेशियनबद्दल रोमन चरित्रकार स्वेटोनियस तीस लढाया, वीसहून अधिक तटबंद ठाणी, दोन बलाढ्य जमाती आणि वाइट बेट सांगतो. ठाण्यांची नावं देत नाही. म्हणून डॉर्सेटमधली प्रत्येक खूण त्या विसांत बसवण्याचा मोह होतो. मेडन कॅसल या तिथल्याच लोहयुगातल्या किल्ल्यावर पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९३४ ते १९३७ मध्ये उत्खनन केलं आणि पूर्व दरवाजाजवळची दफनं रोमन हल्ल्यातल्या मृतांची ठरवली. ती कथा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. नव्या कार्बन चाचण्यांत ते मृत्यू एका दिवसाचे नसून अनेक दशकांत विखुरलेले, बरेचसे स्वारीच्या आधीचे निघाले. व्हीलरकडे हातात हाडं होती. आपल्याकडे फक्त एक रेषा आहे.

तुमच्या नोंदीत इतकंच लिहा: "संभाव्य रोमन मुक्कामी छावणी, काळ अनिश्चित."

## टप्पा ९: जागेवर जाणं आणि कळवणं

शेत खाजगी असतं. सार्वजनिक पायवाट ऑर्डनन्स नकाशावर पाहा, तिच्यावरूनच चाला. पायवाट सोडायची असेल तर शेतकऱ्याची परवानगी घ्या. ड्रोनसाठीही आधी विचारा. काहीही खणू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. जमिनीवर काही पडलेलं दिसलं तर ते जागच्या जागी असू द्या, जागेसह फोटो घ्या.

मग काउंटीच्या ऐतिहासिक नोंदवहीला ईमेल पाठवा. त्यात ग्रिड संदर्भ (ऑर्डनन्स नकाशावरचा जागेचा क्रमांक), चित्राची तारीख, चार दिशांच्या उजेडातली लिडार चित्रं, आडवा छेद, मोजमापं आणि सहाव्या टप्प्यात कोणत्या शंका कशा खोडल्या ते लिहा. चित्रावर लाल रेघा मारलेली प्रत पाठवायची तर सोबत रेघा नसलेलीही पाठवा. पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्याने ठरवता आलं पाहिजे.

घरी बसून असं काम होतच नाही, असं समजू नका. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी जॉर्डन-सौदी सीमेवरच्या वाळवंटातल्या तीन रोमन छावण्या जाहीर केल्या. त्या पहिल्यांदा दिसल्या उपग्रहचित्रांतच. तिथे नांगर फिरला नव्हता, म्हणून कोपरे आणि वेशींपुढचे टिट्युलस स्पष्ट होते. डॉर्सेटच्या शेतात तुम्हाला इतकं स्वच्छ चित्र मिळणार नाही. एक कोपरा, अर्धी बाजू, एखादी वेस, एवढंच हाती येईल. तेवढंच कळवा आणि गूगल अर्थमध्ये खूण करून ठेवा. पुढचा कोरडा उन्हाळा आला की त्याच शेतावर परत या.